मान घासू नकोस, साखर तपासून घे

या महिन्यात पाळीबद्दलचीच पत्रं जास्त आली. त्यातली चार घेते. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलंय, कारण त्या मुलीने विचारलेला प्रश्न माझ्या दवाखान्यात रोज येतो आणि तिथे दहा मिनिटांत मला तो नीट समजावता येत नाही.

प्रश्न : डॉक्टर मॅडम, माझं वय २३. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेबाचं काम करते. उंची १५४ सेंटिमीटर, वजन ६९ किलो. दोन वर्षांपासून पाळी ५०-६० दिवसांनी येते, एकदा तर चार महिने आलीच नाही. हनुवटीवर जाड केस येतात, दर दहा दिवसांनी पार्लर गाठावं लागतं. मान काळी पडलीय म्हणून आई रोज बेसन-लिंबू लावून घासते. सोनोग्राफीत दोन्ही अंडाशयांत गाठी, पीसीओडी म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी असं आलं. तीन महिने गोळ्या घेतल्या तेव्हा पाळी तारखेवर आली, गोळ्या संपल्या आणि पुन्हा तेच. आता दुसऱ्या डॉक्टरांनी ग्लुकोजचं पाणी पाजून साखर तपासली. उपाशीपोटी ९४ आणि दोन तासांनी १६३. पाळीचा आणि साखरेचा काय संबंध? या गाठी ऑपरेशनने निघतील का? आई म्हणते, लग्न झालं की सगळं सुरळीत होतं, तोवर कुणाला सांगू नकोस.
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : अगं, सगळ्यात आधी आईला हे दाखव : मान घासणं आजपासून बंद. तो मळ नाही. रक्तात इन्सुलिन वाढलं की मानेची, काखेची, जांघेची कातडी जाड होते, मखमलीसारखी लागते आणि काळी दिसते. बेसनाने ती उजळायची नाही, लिंबाने आग मात्र होईल. तुझ्या दुखण्याचा निम्मा पत्ता त्या मानेवरच लिहिलाय. सोनोग्राफी करण्याआधी कुणीतरी तिथे बघायला हवं होतं.

आता गाठी. हा शब्द ऐकून बाया घाबरतात आणि घाबरणं साहजिक आहे, कारण आपल्याकडे गाठ म्हटलं की एकच आजार डोळ्यांपुढे येतो. तुझ्या अंडाशयात दिसतात त्या २ ते ९ मिलिमीटरच्या पिशव्या. प्रत्येकीत एक कच्चं स्त्रीबीज आहे. दर महिन्याला अशा काही पिशव्या वाढायला लागतात, त्यातली एक मोठी होऊन फुटते आणि बीज बाहेर पडतं. तुझ्यात त्या वाढायला लागतात आणि मध्येच अडकतात. अडकलेल्या सगळ्या एकत्र दिसतात म्हणून फोटोत गर्दी दिसते. काढण्यासारखं त्यात काही नाही.

लोक ऑपरेशन का विचारतात, तेही सांगते. १९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थल या दोन डॉक्टरांनी सात बायकांची हकिगत लिहिली. पाळी बंद आणि अंडाशय मोठे. अंडाशयाची एक फाक कापून काढली तर पाळी परत आली. तेव्हापासून दुखणं अंडाशयाचंच, अशी समजूत घट्ट बसली आणि नावही तसंच पडलं. रक्तातलं इन्सुलिन आणि पुरुषी हार्मोन्स या बायकांत जोडीने वाढलेले असतात, हे १९८०च्या सुमारास लक्षात आलं. म्हणजे ४५ वर्षं सगळे अंडाशयाकडेच बघत होते. आपल्या गावात अजूनही बरेच जण तिथेच बघतात. पेशंटच्या हातात सोनोग्राफीचे चार-चार कागद असतात, साखरेचा एकही नसतो. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तुझ्या शरीरात चाललंय काय, ते आता बघ. माझं बालपण पूर्व भागात गेलं. पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत आम्ही. लाइट गेली की मागांची खटखट थांबायची आणि त्या शांततेनंच आम्हा पोरांना जाग यायची. मेंदूतही असा एक ठोका आहे. हायपोथॅलॅमस ठरावीक वेळाने जीएनआरएच नावाचं हार्मोन सोडतो. ठोके जलद पडले की खालची पिट्युटरी ग्रंथी एलएच जास्त बनवते, संथ पडले की एफएसएच. पाळीला ही दोन्ही हार्मोन्स लागतात, आपापल्या वेळी. पीसीओडीत ठोका जलदच राहतो. एलएच वाढतं आणि त्याच्या हुकमावर अंडाशयातल्या पेशी टेस्टोस्टेरॉनसारखी हार्मोन्स जास्त तयार करतात. ही हार्मोन्स प्रत्येक बाईत थोडी असतातच, तुझ्यात थोड्याची जास्त झाली. एफएसएच कमी पडतं, म्हणून एकही पिशवी शेवटपर्यंत पिकत नाही. बीज सुटलं नाही तर प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन तयार होत नाही. आणि नेमकं प्रोजेस्टेरॉनच मेंदूतला ठोका संथ करतं. माग थांबवणारा माणूसच कामावर येईना, तर खटखट चालूच राहणार की.

इन्सुलिन येतं ते इथे. जेवल्यावर रक्तात आलेली साखर पेशींत पोचवणं हे त्याचं काम, आणि त्यातली मोठी वाटणी स्नायूंची. तुझे स्नायू इन्सुलिनला लवकर दाद देत नाहीत. मग स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं आणि साखर कशीबशी जागेवर ठेवतं. अंडाशय मात्र इन्सुलिनला पुरेपूर दाद देतो. स्नायूंसाठी सोडलेल्या त्या जादा इन्सुलिनने अंडाशयातल्या पेशींना आणखी चेव येतो आणि त्या एलएचच्या जोडीने टेस्टोस्टेरॉन वाढवतात. तिकडे यकृत एसएचबीजी नावाचं एक प्रथिन बनवतं. ते टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवतं. इन्सुलिन वाढलं की यकृत हे प्रथिन कमी बनवतं आणि टेस्टोस्टेरॉन मोकळं सुटतं. हनुवटीवरचे केस हे त्या मोकळ्या टेस्टोस्टेरॉनचं काम. पाळी, केस आणि मान या तीन वेगळ्या तक्रारी घेऊन तू तीन ठिकाणी फिरलीस. धागा एकच आहे.

तुझी साखर बघू. उपाशीपोटी ९४ म्हणजे ठीक, १००च्या आत. एवढ्यावर थांबले असते तर तुला 'सगळं नॉर्मल' म्हणून घरी पाठवलं असतं. पण ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी ती १४०च्या आत यायला हवी होती. २०० किंवा वर गेली तर मधुमेहाची शंका येते आणि पुन्हा तपासून खात्री करतात. तुझी १६३ म्हणजे मधली पायरी. ज्या डॉक्टरांनी ही तपासणी लावली त्यांना सोडू नकोस, त्यांनी बरोबर ठिकाणी हात घातलाय. सोबत कोलेस्टेरॉलची पूर्ण तपासणी आणि रक्तदाब बघून घे. या दुखण्यात ट्रायग्लिसराइड वाढलेलं आणि चांगलं कोलेस्टेरॉल उतरलेलं सापडतं. थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि १७-ओएच प्रोजेस्टेरॉन या तपासण्या झाल्या नसतील तर त्याही कर, कारण त्यांच्या बिघाडानेही पाळी लांबते किंवा केस वाढतात. ते नाहीत याची खात्री झाली की मगच पीसीओडी म्हणायचं.

तीन महिन्यांच्या हार्मोनच्या गोळ्यांबद्दल. गोळी फसली असं तू समजतेस, ते तसं नाही. ती एलएच दाबते, एसएचबीजी वाढवते, म्हणून पाळी नियमित आणि केसांची वाढ हळू. घेतेस तोवर काम करते. मूळ स्वभाव ती बदलत नाही. बंद केली की शरीर आपल्या चालीवर परत येतं. पुन्हा सुरू करायची वेळ आली तर घरात कुणाला रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास झालाय का, तुला डोळ्यांपुढे चमकून अर्धशिशी होते का, रक्तदाब किती, हे डॉक्टरांना आपणहून सांग. केसांना औषधाचा फरक दिसायला सहा महिने लागतात. तोवर खुशाल पार्लरला जा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. वस्तरा फिरवल्याने केस जाड होतात हा समजही खोटा.

'चार महिने आलीच नाही' हे वाक्य मात्र मी दोनदा वाचलं. माझी पिन्नी, म्हणजे मावशी, दिवसभर जमिनीवर बसून विड्या वळायची. तिची पाळी कधी पाच महिन्यांनी, कधी सात. बाकीच्या बाया म्हणायच्या, 'बरंय बाई तुझं, कटकट नाही.' हनुवटीवरचे केस ती पदराआड झाकायची. मूल झालं नाही त्याचे बोल खाल्ले. वयाच्या ५१व्या वर्षी अंगावरून जायला लागलं तेव्हा गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग निघाला. तेव्हा मी शिकत होते आणि पुस्तकातलं ते पान वाचून रात्रभर रडले. बीज सुटत नाही तेव्हा इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन अस्तर वाढवत राहतं आणि प्रोजेस्टेरॉन नसल्यामुळे ते झडून जात नाही. वर्षानुवर्षं असं राहिलं तर धोका वाढतो. तो टाळणं अवघड नाही : गोळ्यांनी का होईना, निदान तीन महिन्यांत एकदा पाळी यायला हवी. तीन महिने उलटले की कॅलेंडरकडे बघत बसू नकोस, डॉक्टरांकडे जा. तुझ्या वयाला कर्करोगाची भीती बाळगायचं कारण नाही, पण ही सवय आजपासूनच लागू दे.

आता तुझ्या हातात काय आहे. तुझं साडेतीन किलो वजन कमी झालं तरी पाच टक्के होतं, आणि तेवढ्यानेही बऱ्याच जणींची पाळी सुधारते. ज्वारीची भाकरी सोडून कसलं परदेशी धान्य आणायला जाऊ नकोस. कडक भाकरी, डाळ, एखादं अंडं, पालेभाजी, वर शेंगाचटणी, हे चांगलं जेवण आहे. फक्त चटणीत शेंगदाणे किती जातात ते आठवून चमचा घे. तुझ्या ऑफिसमधला चहा मला जास्त खटकतो. मशीनच्या आवाजात काम करणारी माणसं दिवसातून पाच-सहा कप घेतात, प्रत्येकात दोन चमचे साखर. म्हणजे नुसत्या चहातून दिवसाला ४०-५० ग्रॅम साखर पोटात जाते. दोन कपांवर ये, तेही कमी साखरेचे. जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटं चाल, कारखान्याच्या आवारात का होईना. चालणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघता साखर ओढून घेतो, म्हणून त्या वेळच्या चालण्याला मोल आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४३-४४ला जातो तेव्हा पहाटे सिद्धेश्वर तलावाकडे जा, दुपारचा हट्ट नको. आठवड्याला एकूण १५० मिनिटं जमव. दोन दिवस उठाबशा, भिंतीला टेकून दंड, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं असं काहीतरी जोराचं कर. आठवडाभरात जमलं नाही म्हणून सगळं सोडून देऊ नकोस.

डॉक्टर मेटफॉर्मिन सुचवतील. ती मधुमेहाची गोळी आहे म्हणून घाबरू नकोस. यकृतातून रक्तात येणारी साखर ती कमी करते आणि इन्सुलिनचा भार उतरवते. सुरुवातीला मळमळ, जुलाब होतात, म्हणून जेवणासोबत, कमी मात्रेपासून. वर्षानुवर्षं घेतली तर बी-१२ तपासत राहायचं.

आणि लग्न. तुझ्या आईने हे मायेपोटी म्हटलंय, पण लग्नाने मेंदूतला ठोका बदलत नाही. लपवून केलेल्या लग्नात दुसऱ्याच महिन्यात 'दिवस गेले का' सुरू होतं आणि मुलगी एकटी पडते. मूल होणार नाही ही भीतीही मनातून काढ. बीज सुटत नसेल तर लेट्रोझोलसारख्या गोळीने ते सुटायला मदत होते. २०१४ साली अमेरिकेत ७५० बायकांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात जुन्या क्लोमिफेन गोळीने १९.१ टक्के, तर लेट्रोझोलने २७.५ टक्के बायकांना मूल झालं, तेही फार तर पाच चक्रांत. ज्या दिवशी मूल हवं वाटेल त्या दिवशी हे बघू. आज तू २३ वर्षांची आहेस आणि आजचं काम तुझी साखर आहे. हे पत्र आईला मोठ्याने वाचून दाखव. मन फार खाली जात असेल, झोप उडाली असेल, तर तेही डॉक्टरांना सांग. या दुखण्यात उदासी आणि घबराट जास्त आढळते, तो तुझ्या स्वभावाचा दोष नाही.

प्रश्न : मुलगी १४ वर्षांची. पाळी सुरू होऊन सव्वा वर्ष झालं. कधी ३० दिवसांनी, कधी ४० दिवसांनी येते. सोनोग्राफीत पीसीओडी आलं. औषध सुरू करू का?
– एक आई, अक्कलकोट

उत्तर : ताई, नको. पहिल्या वर्षात पाळी कशीही येते. पुढची दोन वर्षं ती २१ ते ४५ दिवसांत येत असेल तर त्या वयाला चालतं. आणि पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षं सोनोग्राफीवरून पीसीओडी ठरवायचंच नाही, कारण या वयाचे निरोगी अंडाशयही तसेच भरलेले दिसतात. चेहऱ्यावर जाड केस येऊ लागले, खूप पुरळ उठलं, मान काळी पडली किंवा पाळी ९० दिवसांवर गेली तर दाखवा. तोवर तिच्यासमोर 'पीसीओडी' हा शब्द नको. मुली तो मनावर घेतात आणि जेवण टाकतात.

प्रश्न : मी २० वर्षांची, पोलीस भरतीची तयारी करते. रोज पहाटे धावते. आठ महिन्यांत वजन ५३ वरून ४४ झालं. पाच महिने पाळी नाही. सोनोग्राफीत पीसीओडी म्हणाले आणि वजन आणखी कमी करायला सांगितलं. पण मी तर बारीक आहे.
– एक वाचक, मोहोळ

उत्तर : बाळ, बारीक मुलींनाही पीसीओडी असतो, पण तुझं पत्र वाचून मला तो वाटत नाही. केस, पुरळ, मान यांबद्दल तू काहीच लिहिलेलं नाहीस. तू लिहिलंयस ते नऊ किलो. इतकं धावायचं आणि अंगाला पुरेसं अन्न द्यायचं नाही, तर मेंदूतला तोच ठोका मंदावतो, कधी जवळजवळ बंदच पडतो. वरच्या मुलीच्या अगदी उलट. गंमत अशी की तेव्हाही सोनोग्राफीत तशाच पिशव्या दिसू शकतात. फोटो सारखा आणि उपाय विरुद्ध! तिने वजन उतरवायचं, तू वाढवायचं.

आधी गर्भ नाही ना हे तपासून घे, हा प्रश्न प्रत्येकीला विचारावाच लागतो. मग एलएच, एफएसएच, इस्ट्रोजेन, प्रोलॅक्टिन आणि थायरॉइड. एलएच आणि इस्ट्रोजेन दोन्ही खाली असतील तर उत्तर मिळालं. इस्ट्रोजेन कमी राहिलं की हाडं कमकुवत होतात आणि धावणाऱ्या मुलीच्या नडगीच्या हाडाला बारीक चीर जाते. मग भरती लांबच राहते. एकादशी, गुरुवार, शनिवार असे तीन-तीन उपास धरत असशील तर भरती होईपर्यंत सोड. देवाला त्याचा राग येणार नाही. धावून आल्यावर अर्ध्या तासात दूध-केळं किंवा शेंगदाण्याचा लाडू, आणि दोन्ही जेवणं पोटभर. महिनाभराने मला पुन्हा लिही, वजन कळव.

प्रश्न : वय ४१, शिक्षिका. पंचविशीत पीसीओडीचे उपचार घेऊन दोन मुलं झाली. दुसऱ्या वेळी गरोदरपणात साखर वाढली होती, बाळंतपणानंतर उतरली. आता गेली चार वर्षं पाळी अगदी तारखेवर. म्हणजे पीसीओडी बरा झाला ना? मोठी मुलगी १६ वर्षांची आहे, तिचं काय?
– एक वाचक, विजापूर रोड

उत्तर : बाई, पाळी तारखेवर आली याचा मलाही आनंद आहे. चाळिशीकडे जाताना बऱ्याच जणींचं असं होतं. अंडाशयातल्या पिशव्या वयाबरोबर कमी होतात, टेस्टोस्टेरॉन उतरतं, चक्र सुरळीत होतं. पण इन्सुलिनला दाद न देणारे स्नायू तसेच राहतात. अनियमित पाळी हा तुमच्या घरातला धोक्याचा लाल दिवा होता असं समजा, तो विझला म्हणून कुणी आत बघत नाही. त्यात गरोदरपणात साखर चढलेली. तुम्हाला पुढे मधुमेह होण्याची शक्यता दोन बाजूंनी आहे.

ग्लुकोज पिऊन दोन तासांची तपासणी शेवटची कधी केली? बाळंतपणानंतर केलीच नसेल, तर याच महिन्यात करा. पुढे दर वर्षी. सोबत कोलेस्टेरॉल, रक्तदाब, यकृताची तपासणी. कमरेचा घेर बेंबीच्या पातळीवर टेपने मोजा. आपल्याकडच्या बायकांत तो ८० सेंटिमीटरच्या वर गेला की काळजी घ्यायची, वजनकाटा काहीही म्हणो. रात्री घोरता का आणि वर्गात दुपारी डोळे मिटतात का, हेही बघा. झोपेत श्वास अडकण्याचा त्रास या बायकांत जास्त असतो आणि तो साखरही वाढवतो.

मुलीचं म्हणाल तर हे दुखणं घराण्यात चालतं, पण आईला आहे म्हणून मुलीला असेलच असं नाही. तिला आत्ता सोनोग्राफी नको, अक्कलकोटच्या ताईंना सांगितलं तेच. तिच्या पाळीच्या तारखा तिनेच एका वहीत लिहाव्यात. वर्षात आठपेक्षा कमी भरल्या किंवा दोन पाळ्यांत ३५ दिवसांपेक्षा जास्त अंतर पडायला लागलं, तर ती वही घेऊन या. आणि तुम्ही संध्याकाळी चालायला निघाल तेव्हा तिलाही बरोबर घ्या.